हरसूलच्या पुढचा उतार

संघर्षला रस्ते निवडायचं वेड होतं. सातपूरच्या एका कारखान्यात तो कामाला. आठवडाभर कानात प्रेस मशीनचे दणके साठवून घरी यायचा, आणि रविवारी त्याला असा रस्ता लागायचा की जिथे स्वतःच्या सायकलची चेन ऐकू येईल. त्याच्या टोळीतल्या बाकीच्यांना किलोमीटर किती झाले आणि वेग किती पडला याचंच कौतुक. मोबाइल हँडलला अडकवायचा आणि डोळे त्यात घालायचे. संघर्ष त्यांना म्हणायचा, "एवढंच करायचं तर घरी पलंगावर बसून पाय हलवा की! डोंगर कशाला त्रासात घालता?"

जीभ तिखट होती, पण लांबच्या सफरीचा रस्ता ठरवायची वेळ आली की सगळे मुकाट त्याच्या दारात यायचे. मालेगावकडे जायचं तर मुंबई-आग्रा हायवे सोडून कुठल्या गावातून आत शिरायचं, त्र्यंबकच्या गाड्यांचा लोंढा चुकवून गिरणाऱ्याकडून कसं निसटायचं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. एसटीच्या ड्रायव्हरांना चहा पाजून, दूधवाल्यांच्या मागे लागून तो माहिती काढायचा. नकाशाने जवळचा रस्ता दाखवला की त्याला आधी संशयच यायचा.

आणि त्याचा एक नियम होता. दर सफरीत एक पट्टा मौनाचा. पट्टा सुरू झाला की सगळ्यांनी खिशातला रुमाल काढून घंटीवर बांधायचा. रुमाल सुटेपर्यंत बोलायचं नाही, घंटी नाही, जोडीने चालवणं नाही. ज्याने त्याने आपल्या चालीने जायचं. वाटेत कुणी बसून दरीकडे बघत असेल तर थांबायचं नाही, हटकायचं नाही, त्याला त्याच्या जागी राहू द्यायचं. सुरुवातीला सगळ्यांनी टिंगल केली, सायकलवर विपश्यना करायला लावतो म्हणून. मग एकेकाला गोडी लागली, आणि पुढेपुढे तर त्या पट्ट्यासाठीच लोक यायला लागले. संघर्ष सगळ्यांच्या मागे असायचा. रस्ता ज्याने निवडला त्याने शेवटी राहायचं, ही टोळीची रीत.

नियमाचा सर्वांत मोठा भक्त म्हणजे आल्हाद. बँकेत होता, मूळचा त्र्यंबकचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या पूजा सांगायचं काम, आपणच तेवढे कर्जाचे हप्ते सांगत बसलो, असं स्वतःच हसत म्हणायचा. एकदा गंगापूर रस्त्यावर पंक्चर झालेली सायकल हातात धरून बावळटासारखा उभा होता, तेव्हा संघर्षने थांबून टायर काढून दिला होता. तेव्हापासून दोघांचं असं जमलं की दोघांच्या बायकांनी हात टेकले.

संघर्षची सायकल जुनी होती आणि तिचं फ्रीव्हील भारी वाजायचं. उतारावर पेडल मारायचं थांबवलं की मागच्या चाकातून टरटर टरटर असा आवाज निघायचा, तो दोन वळणं आधी ऐकू यावा. टोळीत त्यावरून त्याची रोज चेष्टा. शांतता शोधणाऱ्या माणसाच्याच बुडाखाली गिरणी! पण संघर्षने त्यावर उपाय काढला होता. मौनाच्या पट्ट्यात कुणी बसलेलं दिसलं की तो पाय थांबवायचाच नाही. चाकाच्या वेगाने पेडल हलकेच फिरवत ठेवायचं, म्हणजे फ्रीव्हील गप्प राहतं. असा चोरपावलांनी तो माणसाच्या मागून निघून जायचा आणि खाली भेटल्यावर विचारायचा, "कळलं तरी का, मी कधी गेलो?" नाही म्हटलं की स्वारी खूश.

मागच्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात टोळी नाशिकहून बोर्डीच्या समुद्रापर्यंत निघाली. रस्ता अर्थातच संघर्षचा: गिरणारे, वाघेऱ्याचा घाट, हरसूल, तिथून जव्हारकडे. हरसूलच्या पुढे एक चढ संपतो आणि रस्ता दरीच्या कडेने खाली उतरायला लागतो. तिथे ऐनाचं एक जुनं झाड आहे. समोर सगळा उतार खुरासणीच्या फुलांनी पिवळा झालेला, त्यामागे डोंगरांच्या रांगा. ही जागा बघूनच संघर्षने तो रस्ता घेतला होता.

तो चढ संपवून माथ्यावर आला तर आल्हाद झाडाखाली बसलेला. रस्त्याकडे पाठ, खोडाला टेकलेला, तोंड दरीकडे. सायकल शेजारी नीट आडवी ठेवलेली. खांदा आणि एक कोपर एवढंच दिसत होतं. संघर्षला बरं वाटलं. खरं सांगायचं तर अभिमानच वाटला, की आपण निवडलेल्या जागेवर आपला मित्र असा रमून बसलाय. त्याने पेडल हलकेच फिरवत ठेवलं आणि आवाज न करता आल्हादच्या मागून निघून गेला.

खाली ओढ्याच्या पुलाशी सगळे रुमाल सोडून चेष्टामस्करी करत बसले. आल्हाद येईना. संघर्ष म्हणाला, "बसू द्या रे त्याला." आणखी थोड्या वेळाने तो स्वतःच उलटा चढ चढायला लागला. वर एक बाई रस्त्यात उभी राहून दोन्ही हात हलवत होती.

फोनला रेंज नाही, रस्त्यावर गाडी नाही. ज्या शांततेसाठी तो रस्ता निवडला होता तिने आपलं काम चोख केलं. जीप मिळून दवाखान्यात पोचेपर्यंत सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. हृदयाचा झटका. लगेच गेले असतील किंवा थोडा वेळ लागला असेल, डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येणार नाही.

आपण मागून गेलो, हे संघर्षने कुणापासून लपवलं नाही. पोलिसांना सांगितलं, टोळीला सांगितलं, आल्हादच्या बायकोला, सुमेधाला, तिच्या दारात उभं राहून सांगितलं. सगळ्यांनी समजूत घातली, तुझा काय दोष, कुणीही तसंच केलं असतं. पेडल फिरवत ठेवल्याचं मात्र तो बोलला नाही. कुणाला ते कळलं नसतं, हा एक भाग. आणि सांगायला तोंडच उघडत नव्हतं, हा खरा भाग. फ्रीव्हील वाजलं असतं तर आल्हादने मान वळवली असती. मान वळवता आली नसती तर बोट तरी हलवलं असतं. एवढ्या एका गोष्टीने त्याचं वर्ष खाल्लं. रस्ते निवडायचं त्याने सोडून दिलं. टोळी आता हायवेच्या कडेने जाते, ट्रकांच्या धुरात, आणि कुणी काही बोलत नाही.

या वर्षी दसरा जवळ आला तशी एका संध्याकाळी सुमेधा त्याच्या घरी आली. एका लॅबमध्ये काम करणारी, मोजकं बोलणारी बाई. आता घरात ती आणि लेक सई. वर्षभरात तिने आल्हादची सायकल सीट खाली करून चालवायला घेतली होती, हे संघर्षच्या कानावर होतं. गंगापूर धरणाकडे सकाळी एकटी जाते म्हणे. संघर्षची बायको संजना चहा ठेवायला आत गेली आणि सुमेधाने सरळ विषयालाच हात घातला.

"भाऊजी, मला रस्ता निवडून द्या. बोर्डीचा."

"पेठवरून जा, वहिनी. मोठा रस्ता आहे, रेंज असते, दवाखाने आहेत."

"तुम्ही मला मोठा रस्ता सांगताय?" ती म्हणाली. "तुम्ही?"

संघर्षने समोरचं वर्तमानपत्र उगाच घडी घालून बाजूला ठेवलं.

"मला तोच रस्ता हवाय. आणि समुद्रही नकोय खरं तर. त्या झाडापर्यंत जायचंय." तिने पदराशी चाळा करावा तसा ओढणीचा काठ बोटांनी मुडपला. "डॉक्टर म्हणाले, थोडा वेळ लागला असेल. त्या थोड्या वेळाचं मी काय करू, सांगा ना! दिवसभर काम करते, सईचा अभ्यास घेते, आणि दिवा घालवला की तो थोडा वेळ सुरू होतो. तो तिथं एकटा बसलाय आणि त्याला कळतंय, असं दिसत राहतं मला."

"वहिनी..."

"थांबा, बोलू द्या. तुम्ही मागून गेलात. तुमच्या सायकलची ती टरटर आमच्या तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायची. तो म्हणायचा, आला बघ संघर्ष, चहा टाक. ती टरटर त्याला तिथं ऐकू आली असेल, तर तो एकटा नव्हता, भाऊजी. आपलं माणूस जवळ आहे हे कळून गेला. मला त्याच्या जागी बसून ऐकायचंय की येते का ऐकू. वारा असतो, दरी असते, कदाचित येतही नसेल. मग तसं तर तसं. पण एकदा मला कळू दे."

सांगायची वेळ ती होती. संघर्षलाही ते कळलं. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "चहा घ्या."

ती गेल्यावर संजना म्हणाली, "घेऊन जा त्यांना. त्यांना नाही म्हणायचं तोंड तुम्हाला नाही."

तोंड नाही, हे तिचं खरंच होतं, फक्त तिला वाटत होतं त्याहून जास्त खरं.

पहाटे दोघं निघाले. वाटेत सांगून टाकायचं, झाडाशी पोचायच्या आत, असं संघर्षने मनाशी पक्कं केलं होतं. गिरणाऱ्यापर्यंत द्राक्षबागांची छाटणी चाललेली, रस्त्यावर मजुरांच्या गाड्या, तिथे बोलायची सोय नव्हती. वाघेऱ्याच्या घाटात सुमेधाच्या तोंडाला फेस आला. ती उतरून सायकल ढकलायला लागली, तर दमलेल्या माणसाला काय सांगायचं, म्हणून राहिलं. हरसूलला चहा-भजी घेतली, तेव्हा ती सईच्या शाळेचं काहीतरी सांगत होती आणि बऱ्याच दिवसांनी थोडी हसली, म्हणून राहिलं. माणसाला गप्प बसायचं असलं की कारणांना तोटा नसतो.

चढाच्या पायथ्याशी तो थांबला. त्याचं लक्ष तिच्या घंटीकडे गेलं. घंटीवर निळ्या चौकटीचा रुमाल बांधलेला होता, ऊन-पावसाने विटलेला. आल्हादचाच.

"तसाच होता, सायकल घरी आली तेव्हा," सुमेधा म्हणाली. "सोडवला नाही मी."

चढभर कुणी बोललं नाही. खुरासणी या वर्षीही तशीच फुलली होती. माथ्यावर ऐनाचं झाड दिसलं आणि सुमेधाने काही न विचारता सायकल रस्त्याच्या कडेला आडवी ठेवली. विचारायची गरज नव्हती, दुसरं झाडच नव्हतं. ती जाऊन खोडाला टेकून बसली, तोंड दरीकडे करून.

तेवढ्यात खालून गवताचा भारा डोक्यावर घेऊन एक म्हातारी वर आली. संघर्षने तिला ओळखलं. फुलाबाई. त्या दिवशी रस्त्यात हात हलवणारी तीच. तिने मात्र त्याच्याकडे पाहिलंच नाही, सरळ सुमेधाला म्हणाली, "बाय, तठं नको बसू. तठं मागं एक मानूस मेला. सायकलवाला."

"माझाच माणूस तो, आजी."

फुलाबाईने भारा खाली टाकला आणि सुमेधाच्या शेजारी उकिडवी बसली. "मीच आली होती पयली," ती म्हणाली. "माला वाटला निजला हाय. हात लावला तं गार."

"चेहरा कसा होता?"

म्हातारीने जरा आठवून पाहिलं. "गुमान होता, बाय. रडेल नव्हता."

सुमेधाने तिचा हात दोन्ही हातांत धरला. मग फुलाबाईने सुमेधाच्या डोक्यावरून हात फिरवला, संघर्षकडून भारा उचलून घेतला आणि पाऊलवाटेने निघून गेली.

"आता तुम्ही मागे जा," सुमेधा खोडाआडूनच म्हणाली. "आणि त्या दिवशी आलात तसेच या. अगदी तसेच. मी वळून बघणार नाही."

संघर्ष मागच्या वळणापर्यंत गेला आणि सायकल फिरवली. अगदी तसंच म्हणजे कसं, हे त्याच्याशिवाय जगात कुणालाच माहीत नव्हतं. अगदी तसंच म्हणजे पाय फिरवत ठेवायचे. मग ती झाडाखाली कान देऊन बसेल, वारा ऐकेल, पाखरं ऐकेल, आणि तो कधी येऊन गेला हे तिला कळणारही नाही. मग ती उठेल, हो का, म्हणेल, आणि घरी जाऊन रोज दिवा घालवल्यावर तो थोडा वेळ सुरू होईल, आता खात्रीने. खरं एवढंच होतं. ते तोंडाने सांगायचं धैर्य नव्हतं, पायांनी सांगायची संधी समोर आली होती.

तो निघाला. माथ्यावर आला. खोडाआडून एक खांदा आणि एक कोपर दिसत होतं. त्याचे पाय आपोआप हलके झाले, सवयीने. झाड पन्नास-साठ हातांवर आलं तेव्हा त्याने पाय थांबवले.

टरटर टरटर टरटर. त्या डोंगरात तो आवाज केवढा मोठा वाटला! झाडामागून, दरीवरून, समोरच्या कड्यावरून आल्यासारखा. तो झाडाच्या मागून गेला, पुढे गेला आणि ब्रेक दाबून पाय टेकून उभा राहिला. मागे वळून बघायची त्याची हिंमत होईना.

सुमेधा धावत आली. तिने त्याच्या सायकलचं हँडल धरलं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती हसत होती.

"आलं! ऐकू आलं, भाऊजी! आधीपासून, त्या वरच्या अंगापासून. किती स्पष्ट! बहिऱ्यालासुद्धा ऐकू येईल!" ती दम घेत थांबली. "असेच गेला होतात ना? असंच वाजत होतं?"

"हो," संघर्ष म्हणाला.

एकदा तोंडातून गेलेलं ते हो परत आत घेता आलं नाही. घ्यावंसंही वाटलं नाही. वर्षभर आकसलेला तिचा चेहरा त्याच्यासमोर सैल होत होता, आणि तो बघताना संघर्षला आल्हादची इतकी आठवण आली की त्याने हँडलवर डोकं टेकलं आणि तो रडला. सुमेधाने त्याच्या पाठीवर थोपटलं. तिला वाटलं, त्याचंही ओझं उतरलं.

"रडू नका," ती म्हणत राहिली. "त्याला कळलं होतं. तुम्ही होतात जवळ. आता घरी गेले की सईला सांगीन."

मग ती पुन्हा झाडाकडे गेली. पिवळ्या उताराकडे बघत उभी राहिली. परत आली तेव्हा तिच्या कपाळावर बारीक आठी होती.

"पण मग हाक का नाही मारली त्याने?"

हा प्रश्न संघर्षच्या डोक्यातच आला नव्हता. खोट्याच्या मागून असं काही चालत येतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"आवाज आला, तुम्ही आहात कळलं, तरी हाक नाही मारली," ती स्वतःशीच बोलली, आणि मग तिचा चेहरा एकदम निवळला. "मौन होतं ना! घंटीला रुमाल बांधलेला होता. वेडा कुठला. घरी कोथिंबीर आणायचं सांगितलेलं लक्षात राहायचं नाही याच्या, पण तुमचा नियम कधी मोडला नाही. मला येऊन सांगायचा, आज एवढं अंतर एक शब्द बोललो नाही, सुमे. शेवटपर्यंत पाळला बघा, भाऊजी, तुमचा नियम."

ती हे प्रेमाने म्हणाली, कौतुकाने म्हणाली. नवऱ्याचा तिला अभिमान वाटत होता. संघर्षला आता सगळं सांगावंसं वाटलं, अगदी ओरडून. तसं नाही वहिनी, त्याला काही ऐकू आलं नव्हतं, तो माझ्या नियमापायी गप्प राहिला नाही, त्याला कुणी जवळ असल्याचं कळलंच नव्हतं. पण ते सांगायचं म्हणजे तिच्या हातात नुकतंच दिलेलं तेवढंसं काढून घ्यायचं. तो गप्प राहिला. गप्प राहायची त्याला सवय होती.

सुमेधाने सायकल उभी केली. घंटीवरच्या रुमालाची गाठ घट्ट बसली होती, ती तिने दातांनी सोडवली. रुमालाने डोळे पुसले, घडी घालून खिशात ठेवला आणि घंटी एकदा वाजवून पाहिली. गंज चढला होता तरी वाजली.

"मी पुढे होते," ती म्हणाली. "तुम्ही मागून या. आणि पाय थांबवूनच या. ऐकत जाते मी."

ती उताराला लागली. संघर्ष तिच्या मागे निघाला. ओढ्याच्या पुलापर्यंत त्याने एकदाही पेडल मारलं नाही. फ्रीव्हील सगळ्या डोंगरभर वाजत राहिलं, आणि पुढून, दर वळणावर, सुमेधा घंटी वाजवून त्याला सांगत राहिली की ऐकू येतंय.